खेळावर पोट चालते का?

श्रोतेहो, वळसंगच्या शाळेतला एखादा मुलगा उद्या विचारील, “गुरुजी, खेळून पोट भरतं का हो?” नुसते ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणून या प्रश्नातून सुटका नाही. त्यासाठी हॉकीपटू धनराज पिल्ले यांची कारकीर्द पाहू या.

पुण्याजवळच्या खडकीत १९६८ साली त्यांचा जन्म झाला. घर तमिळ आणि गरिबीचे. वडील दारूगोळा कारखान्याच्या मैदानाची निगा राखीत. पोरे मोडक्या काठ्या दोरीने बांधून खेळत. पुढे थोरल्या भावामागोमाग धनराज मुंबईस गेले, महिंद्र कंपनीच्या संघात खेळले, आणि नंतर विमान कंपनीत नोकरीस लागले.

आता तुम्ही म्हणाल, खेळाडूला नोकरी कशाला? तर कॅनडात बर्फावरची हॉकी खेळणारा पेशेवर खेळाडू क्लबाशी करार करतो आणि त्या पैशावर घर चालवतो. आपल्या हॉकीत तशी सोय नव्हती. देशाकडून खेळण्यात मान मोठा, पण चूल पेटायची ती नोकरीच्या पगारावर. म्हणून धनराज फ्रान्स, जर्मनी, मलेशिया येथील क्लबांकडूनही खेळले.

१९८९ ते २००४ ते भारतासाठी खेळले. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार आशियाई क्रीडास्पर्धा! ऑलिंपिकचे पदक मात्र एकदाही हाती लागले नाही. १९९८ साली बँकॉकला त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने ३२ वर्षांनी आशियाई सुवर्णपदक जिंकले. आणि झालं काय? थोड्याच दिवसांत ते आणि काही जुने खेळाडू संघाबाहेर! कारण सांगितले विश्रांतीचे. मानधन आणि सोयी मागितल्याचा हा राग, असे लोक बोलले.

शेवटच्या ऑलिंपिकच्या वेळी त्यांचे वय होते ३६. म्हणजे इतर माणसे संसारात स्थिर होतात, त्या वयात खेळाडूचा हंगाम संपतो. रब्बीची ज्वारी काढली की शेतकरी पुढच्या दिवसांची बेगमी करतोच ना? तशीच बेगमी खेळाडूलाही करावी लागते.

तेव्हा गुरुजी, मुलाला मैदानावरून ओढून आणू नका. पण एकदा त्याच्याबरोबर हिशेबाला बसा. शिक्षण कुठवर घ्यायचे, नोकरी कोणती मिळेल, गुडघा दुखावला तर पुढे काय? आणि कष्टाचा मोबदला मागणे म्हणजे उद्धटपणा नव्हे, हेही त्याला आत्ताच सांगून ठेवा.