पेवातला कंदील आणि मोंढ्यातली जांभळी बत्ती

ज्वारीचं पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. तोंडावरची माती बाजूला सारायची, पेव काही वेळ उघडं टाकायचं, मग दोरीला बांधलेला पेटता कंदील हळूहळू खाली सोडायचा. ज्योत टिकली तर माणूस उतरणार, विझली तर थांबायचं. दाणे, किडे, बुरशी सगळेच त्या बंद खड्ड्यात श्वास घेत असतात. प्राणवायू संपत जातो, जड कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. त्याला ना रंग, ना वास. ज्वारीच्या मुलखातला वायूचा संवेदक तो असा, वातीचा.

आजच्या प्रयोगशाळाही वायू उजेडानंच ओळखू पाहतात, फक्त वात पेटवत नाहीत. काही पदार्थ डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश पितात आणि दिसणारा परत देतात. स्टोक्सनं १८५२ मध्ये फ्लोरस्पार या खनिजावरून त्याला ‘फ्लोरेसन्स’ म्हटलं. आपण प्रतिदीप्ती म्हणतो. अशा रंगद्रव्याला विशिष्ट वायू भिडला की चमक वाढते, विझते किंवा रंग पालटते. मांस-मासळी नासताना जिवाणू प्रथिनं फोडतात आणि अमोनिया, अमाइनं सुटतात. त्यातली पुट्रेसीन आणि कॅडाव्हरीन ही दोन बर्लिनच्या ब्रीगरनं १८८५ च्या सुमारास वेगळी केली. नावंच सडण्यावरून आणि प्रेतावरून! ही सगळी अल्कधर्मी मंडळी, म्हणून रंगद्रव्यातला प्रोटॉन ओढून घेतात आणि चमक बदलते.

यात परकं काही नाही. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो. हळदीला चुना लावून कुंकू करतात तेही त्याच रसायनानं. हळदीतलं कुर्कुमिन अतिनील प्रकाशात हिरवट-पिवळं चमकतं आणि अमोनियानं तांबूस होतं. कोळंबीच्या ताजेपणासाठी कुर्कुमिनच्या पट्ट्या करून पाहिल्या गेल्या आहेत. वसमतची हळद आमच्या मानवतपासून लांब नाही.

पण कोळंबी लांब आहे, आणि माझी कुरकुर इथंच सुरू होते. समुद्री माशाचा तो ओळखीचा वास ट्रायमिथिलअमाइनचा. खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या अंगात त्याचा कच्चा माल असतो. गोदावरीतल्या रोहू-कटल्यात तो जेमतेम. कोळंबीवर पास झालेली पट्टी आमच्या बाजारच्या दिवशी नापास होऊ शकते. शिवाय मासळीपुढं नाक तसंही शाबूत असतं. नाक फसतं ते पोत्यांच्या थप्पीपुढं.

थप्पीत आतून बुरशी किंवा कीड लागली की कार्बन डायऑक्साइड वाढतो, वास येण्याच्या आधी. त्यासाठी पायरॅनीन नावाचं रंगद्रव्य आहे. ओलाव्यात या वायूचं आम्ल होतं, रंगद्रव्याला प्रोटॉन मिळतो, आणि निळ्या प्रकाशात दिसणारी त्याची हिरवी चमक मंदावते. पिवळ्या हायलायटर पेनात बहुधा हेच असतं. म्हणजे आडत्याच्या टेबलावर संवेदकाचं अर्धं सामान आधीपासून पडलेलं आहे. परभणीत १९७६ पासून अन्नतंत्र महाविद्यालय आहे, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रतिदीप्तीची प्रयोगशाळा आहे. ज्वारीच्या थप्पीत टिकेल अशी स्वस्त पट्टी हा त्यांच्यासाठी कोळंबीपेक्षा मोठा प्रश्न आहे, असं मला वाटतं.

बुरशीचं विष मात्र वायू होऊन बाहेर येत नाही. १९६० मध्ये इंग्लंडात लाखभर टर्की कोंबड्या मेल्या तेव्हा अफ्लाटॉक्सिन सापडलं. त्याचे बी आणि जी हे प्रकार निळ्या आणि हिरव्या चमकेवरूनच पडले. सरकी पेंडीतून ते म्हशीच्या पोटात आणि तिथून रूप बदलून दुधात उतरतं. त्याआधीच, १९५५ मध्ये, अमेरिकेत मार्श आणि सहकाऱ्यांनी कच्च्या कापसात हिरवट-पिवळे चमकते ठिपके नोंदवले होते. ही चमक विषाची नव्हे. बुरशीचं कोजिक आम्ल आणि कपाशीच्या जिवंत बोंडातलं विकर यांच्या मिलनातून ती येते. त्यामुळे ठिपका दिसला तर लागण शेतातली, गोदामातली नव्हे.

मोंढ्यातल्या एका दुकानात नोटा तपासायची जांभळी बत्ती होती. शटर अर्धं ओढून मी मूठभर कापूस तिच्याखाली धरला.

“काय बघायलात?” मालक म्हणाले. “नोट हाय का ती?”

कापूस निळसर दिसला, ठिपका एकही नाही. शेजारी पडलेल्या काटापट्टीवरची हायलायटरची रेघ तेवढी हिरवीगार पेटली होती.