टेकनपूरहून मुलासाठी कुत्रा मिळेल का?

ग्वाल्हेरात दिव्यांग मुलांच्या पालकांमध्ये मदतनीस कुत्र्याचा विषय निघाला की कुणीतरी हमखास सुचवतं, "टेकनपूर जवळच आहे, तिथे विचारा." सीमा सुरक्षा दलाचं तिथलं श्वान प्रशिक्षण केंद्र १९७० पासूनचं, देशभर नावाजलेलं. पण तिथे तयार होतात ती स्फोटकं आणि अमली पदार्थ हुडकणारी, माग काढणारी कुत्री. त्यांच्यात लागतो तो पाठलागाचा जोश. मूल किंचाळलं, शेपूट ओढली तरी शांत पडून राहणारा कुत्रा निवडावा लागतो वेगळा आणि घडवावाही लागतो वेगळा.

कुत्रा मुलाला सांभाळेल, आपण जरा मोकळे होऊ, हा समज तर धोक्याचाच. परदेशात स्वमग्न मुलांसाठी तयार केलेल्या कुत्र्याच्या हार्नेसला मुलाच्या कमरेचा पट्टा जोडतात. पण कुत्र्याची दोरी मोठ्या माणसाच्या हातात असते आणि हुकूमही तोच देतो. मूल अचानक धावत सुटलं की कुत्रा जागीच पाय रोवतो आणि त्याला धरायला दोन-चार सेकंद मिळतात. महाराज बाड्याच्या गर्दीत ज्यांच्या हातून मूल निसटलंय, त्या आईबापांना या सेकंदांचं मोल मी सांगायला नको. स्वमग्नता मात्र कुत्र्यामुळे बरी होत नाही. स्पीच थेरपी, फिजिओथेरपी चालूच ठेवायची.

घरातल्या लॅब्राडोरला जॅकेट चढवलं, ऑनलाइन प्रमाणपत्र घेतलं, म्हणजे झालं? नाही. या कामाच्या तयारीला साधारण दोन वर्षं लागतात आणि बरीच कुत्री मध्येच गळतात. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत, पण मदतनीस कुत्र्यांसाठी वेगळं कलम नाही.

आपल्याकडे त्यातल्या त्यात आवाक्यातला आहे तो थेरपी डॉग. मुंबईत सुरू झालेली 'ॲनिमल एंजल्स फाउंडेशन' हे काम करते. हा कुत्रा तज्ज्ञाबरोबर येतो, सत्र संपलं की परत जातो. ज्या मुलाचा हात सेरेब्रल पाल्सीमुळे आखडलाय, ते व्यायामाला कंटाळतं. कुत्र्याच्या पाठीवरून ब्रश फिरवायला मात्र तोच हात पुढे करतं. मला हा मार्ग जास्त पटतो, कारण कुत्र्याचा रोजचा खर्च आणि जबाबदारी आधीच थकलेल्या घरावर पडत नाही.

कुत्रा घरी आणायचाच असेल तर ग्वाल्हेरचा उन्हाळा ध्यानात घ्या. पारा ४५ अंशांवर गेला की डांबरी रस्त्यावर कुत्र्याचे पंजे भाजतात. मुलाला ॲलर्जी किंवा भीती नाही ना, हेही आधी पाहा. रेबीजची लस चुकवू नका. पहिली भेट थेरपिस्टच्या देखरेखीखाली घडवा, आणि मुलानं हात मागे घेतला तर त्या दिवशी तिथेच थांबा.