दहा सेकंदांत ४५० अंश?

बॅटरीवर चालणारी छोटी सोल्डरिंग आयर्न आता सहज मिळते. हेडफोनची तुटलेली वायर किंवा खेळण्यातला निसटलेला मोटरचा जोड घरीच दुरुस्त करता येतो. खोक्यावर मात्र दावा मोठा असतो: ‘दहा सेकंदांत ४५० अंश’. तो खरा आहे का, हे शाळेतल्या गणिताने तपासता येते.

एक ग्रॅम तांबे एक अंशाने तापवायला सुमारे ०.३९ ज्यूल ऊर्जा लागते. आयर्नचे तापणारे टोक, म्हणजे बिट, पाच ग्रॅमची धरू. ती ३० अंशांवरून ४५० अंशांवर न्यायला साधारण ८०० ज्यूल हवेत. दहा सेकंदांत एवढी ऊर्जा द्यायची तर ८० वॅटची शक्ती हवी. खोक्यावर ८ वॅट लिहिले असेल, तर याच कामाला किमान १०० सेकंद लागतील. हवेत निसटणारी उष्णता धरली तर त्याहून जास्त.

मग दावा खोटाच का? तसेही नाही. बिट दीड ग्रॅमचीच असेल तर २४ वॅटमध्ये हे साधते. पण खरी मेख इथेच आहे. तापमान आणि उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चमचाभर उकळते पाणी बादलीभर गार पाण्यात ओतले तर बादली कोमट होत नाही. तसेच हलकी बिट जाड तारेला टेकवली की तार तिची उष्णता शोषून घेते आणि कमी ताकदीच्या बॅटरीला ती वेळेत भरून काढता येत नाही.

बॅटरीचाही हिशेब करावा. ३.७ व्होल्ट आणि २००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत ७.४ वॅट-तास ऊर्जा मावते. ३० वॅटची आयर्न पूर्ण शक्तीने चालवली तर ती पंधरा मिनिटांत संपेल.

घरी तपासताना बिटवर सोल्डर वितळले एवढ्यावर समाधान मानू नका. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असलेले सोल्डर १८३ अंशांनाच वितळते. त्यावरून ४५० अंश सिद्ध होत नाहीत. घरच्या वायरिंगमधल्या जाड तांब्याच्या तारेचा सुटा तुकडा घ्या, त्याला बिट टेकवा आणि सोल्डर बिटला नव्हे, तारेला लावा. ते लगेच वितळले आणि असे चार-पाच जोड लागोपाठ जमले, तर आयर्न कामाची.

याचा संबंध आरोग्याशीही आहे. आयर्न कमजोर असली की माणूस ती जास्त वेळ दाबून धरतो आणि धुरावर वाकून बसतो. हा धूर मुख्यतः सोल्डरमधल्या राळेचा असतो. तो वारंवार श्वासात गेल्याने दमा जडू शकतो. शिशाचा धोका मात्र प्रामुख्याने हातांवाटे पोटात जाण्याचा. म्हणून खिडकी उघडी ठेवा, तोंड धुरापासून बाजूला ठेवा आणि काम संपल्यावर साबणाने हात धुवा.

‘लगेच थंड होते’ या दाव्यावरही विसंबू नका. ७० अंशांच्या धातूला क्षणभर हात लागला तरी त्वचा भाजू शकते, आणि इतकी तापलेली बिट दिसायला अगदी थंड बिटसारखीच असते.