क्विरीनियची नावनिशी

आरंभीच्या ख्रिस्ती ग्रंथांच्या ऐतिहासिक पार्श्वभूमीविषयी गेल्या दोनशे वर्षांत युरोपीय पंडितांनी जी विपुल चर्चा केली, तिच्यातील सर्वांत चिवट प्रकरणांपैकी एक हे चमत्काराचे वा गहन धर्मतत्त्वाचे नसून निव्वळ एका खानेसुमारीचे आहे, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. परंतु चमत्काराची उलटतपासणी करून इतिहासकाराच्या हाती फारसे काही लागत नाही. सुभेदाराची नेमणूक, महसुलाची आकारणी आणि रयतेची नावनिशी या बाबी मात्र दफ्तरात उतरतात, आणि एका दफ्तरातील नोंद दुसऱ्या दफ्तराशी ताडून पाहता येते.

लूकाच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय सुरू होतो तोच एका सरकारी फर्मानाने. कैसर औगुस्ताने सर्व जगाची नावनिशी करण्याचा हुकूम सोडला, क्विरीनिय हा सूरियाचा सुभेदार असताना झालेली ती पहिली नावनिशी होय, आणि तिच्यासाठी योसेफ आपली गरोदर वाग्दत्त वधू मरिया हिला घेऊन नासरेथाहून दाविदाच्या गावी, बेथलेहेमास, गेला असे लूक सांगतो. याच लूकाने पहिल्या अध्यायात कथेचा काळ हेरोद राजाच्या कारकिर्दीतील म्हणून दिला आहे, आणि मत्तयही येशूचा जन्म हेरोदाच्याच दिवसांत घालतो. हेरोद बहुसंख्य अभ्यासकांच्या मते इ. स. पूर्व 4 मध्ये वारला. क्विरीनिय सूरियाच्या सुभ्यावर आला इ. स. 6 मध्ये. या नऊ-दहा वर्षांच्या तफावतीवर जेवढी शाई खर्ची पडली, तेवढी एखाद्या राज्याच्या उदयास्तावरही क्वचितच पडली असेल.

दुसरे दफ्तर आहे यहुदी इतिहासकार जोसीफस याचे. पहिल्या शतकाच्या शेवटच्या दशकात पूर्ण झालेल्या आपल्या विस्तृत इतिहासग्रंथात तो सांगतो की, हेरोदाचा पुत्र अर्खेलाव याच्या जुलमाविरुद्ध प्रजेने केलेली फिर्याद ऐकून औगुस्ताने त्यास पदच्युत केले व गॉल देशात हद्दपार केले; त्याचा मुलूख खालसा होऊन सूरियास जोडला गेला, कोपोनिय नावाचा अंमलदार तेथे नेमला गेला, आणि मिळकतींची मोजदाद करून अर्खेलावच्या जिंदगीचा निकाल लावण्याचे काम क्विरीनियकडे आले. हे सर्व ॲक्टियमच्या लढाईपासून सदतिसाव्या वर्षी, म्हणजे इ. स. 6-7 मध्ये, घडले. मांडलिक संस्थान खालसा झाले की पाठोपाठ जमाबंदी यावयाचीच; त्यात विशेष ते काय? विशेष हे की, त्या जमाबंदीस मान तुकविणे म्हणजे उघड गुलामगिरी पत्करणे होय असे म्हणत गालीलकर यहूदा बंड करून उठला, आणि त्या बंडाच्या परंपरेचा संबंध जोसीफस पुढे थेट यरुशलेमच्या विध्वंसापर्यंत नेऊन भिडवितो.

1835 साली स्ट्राउसने येशूचे चिकित्सक चरित्र लिहून या विसंगतीवर बोट ठेवले, आणि पुढे एमिल श्यूररने आक्षेपांची जी मांडणी केली ती आजही पुष्कळ अंशी टिकून आहे. औगुस्ताने स्वतःच्या कारकिर्दीचा जो वृत्तांत कोरवून घेतला, त्यात इ. स. पूर्व 28, इ. स. पूर्व 8 व इ. स. 14 या तीन शिरगणत्या नमूद आहेत; त्यांपैकी मधलीत 42,33,000 नागरिक भरले. परंतु ही सारी रोमन नागरिकांची मोजणी. प्रांतोप्रांतीच्या रयतेची एकाच फर्मानाने खानेसुमारी झाल्याचा दाखला कोठेच नाही. शिवाय इ. स. 6 मध्ये गालील हा हेरोद अंतिपाच्या ताब्यात होता, तेव्हा नासरेथच्या रहिवाशास यहूदियातील आकारणीची झळ कशी लागावी? आणि हजार वर्षांपूर्वीच्या पूर्वजाच्या गावी कुळांना पिटाळणारी जमाबंदी कोणत्या शहाण्या महसूल अधिकाऱ्यास परवडेल?

लूकाच्या कैवाऱ्यांनी शोधून काढलेले मार्ग आक्षेपांपेक्षाही मनोरंजक आहेत. 1764 मध्ये रोमजवळ तिवोली येथे एक भग्न शिलालेख सापडला. त्यात सूरियाशी व 'पुनश्च' या शब्दाशी संबंध असलेल्या एका मोठ्या अधिकाऱ्याची कामगिरी वर्णिली आहे, मात्र नाव असलेला भाग नेमका गळून गेला आहे. थोर इतिहासकार मॉमसेन याने तेथे क्विरीनियचे नाव कल्पिले आणि त्याने सूरियाची सुभेदारी दोनदा केली असे अनुमान काढले. विल्यम रॅम्झी याने 1898 च्या आपल्या ग्रंथात हा धागा लूकाच्या समर्थनार्थ पुढे ओढला. गंमत अशी की, मॉमसेनच्या हिशेबाने ती पहिली कारकीर्द इ. स. पूर्व 3-2 च्या सुमाराची ठरते, म्हणजे हेरोद तोपर्यंत दिवंगतच झालेला! हेरोदाच्या अखेरच्या वर्षांत सूरियावर सातुर्निन व त्यामागून वारुस हे होते, हे निश्चित आहे. इतिहासकार रोनाल्ड साइम याने पुढे तो शिलालेख लुशियस पिसो याचा मानला. निनावी दगडावर हवे ते नाव कोरण्याचा मोह पंडितांनाही आवरत नाही, हेच खरे.

याउलट ज्या दगडावर नाव स्वच्छ आहे त्याची कथा ऐकावी. क्विरीनियच्या हुकुमावरून आपण अपामिया नगरीची खानेसुमारी केली व 1,17,000 नागरिक मोजले, असे एमिलियस सेकुंदुस या अधिकाऱ्याचा लेख सांगतो. तो लेख बनावट म्हणून दीर्घकाळ बाजूस सारला गेला होता. 1880 मध्ये व्हेनिस येथे त्याचा खालचा अर्धा भाग प्रत्यक्ष मिळाला आणि संशय फिटला. क्विरीनियने सूरियात मोजणी केली, एवढे त्याने पक्के झाले. ती हेरोदाच्या हयातीत केली, हे मात्र झाले नाही.

प्रवासाच्या मुद्द्यावर कैवाऱ्यांची बाजू थोडी अधिक बळकट आहे, असे मला वाटते. इ. स. 104 चा इजिप्तच्या अंमलदाराचा एक जाहीरनामा पपायरसवर उपलब्ध असून, त्यात घरोघरच्या मोजणीसाठी परगावी गेलेल्यांनी आपापल्या घरी परतावे अशी ताकीद आहे. मृतसमुद्राजवळील गुहेत 1961 मध्ये सापडलेल्या बाबथा नावाच्या यहुदी स्त्रीच्या कागदपत्रांवरून असे दिसते की, अरबस्तान प्रांताच्या इ. स. 127 च्या आकारणीत तिने माओझा गावातील आपल्या खजुराच्या बागांची नोंद रब्बथ या ठाण्याच्या शहरी जाऊन केली. मोजणीपायी माणसे वाट चालत, यात शंका नाही. परंतु ती चालत घराकडे किंवा मिळकतीच्या ठाण्याकडे, पूर्वजाच्या गावाकडे नव्हे.

चूक जोसीफसचीच असली पाहिजे, असा पक्ष जर्मन पंडित त्सान याने मांडला आणि 2011 मध्ये जॉन ऱ्होड्सने तो नव्या युक्तिवादाने पुन्हा उभा केला. पण त्यासाठी जोसीफसच्या मजकुराची जी मोडतोड करावी लागते, ती पाहता लूकासाठी एवढी किंमत द्यावी काय, असा प्रश्न पडतो. माझ्या मते साइमने सुचविलेली उपपत्तीच अधिक स्वाभाविक आहे. हेरोद मरताच देशभर दंगे उसळले, आणि नासरेथपासून जवळच असलेल्या सेफोरिस नगरीत हिज्कियाचा पुत्र यहूदा बंडास उभा राहिला. दहा वर्षांनी अर्खेलाव जाताच पुन्हा बंड झाले, पुन्हा पुढारी यहूदाच. दोन-तीन पिढ्यांनंतर लिहिणाऱ्या लेखकाच्या मनात ही दोन सत्तांतरे एकमेकांत मिसळली असतील, तर त्यात अघटित काही नाही. कालक्रमाचा असाच घोटाळा त्याच्या हातून अन्यत्रही झालेला दिसतो: प्रेषितांच्या कृत्यांत लूकच यहुदी शास्त्री गमलिएल याच्या तोंडी थुदासाच्या बंडाचा उल्लेख घालतो आणि त्याच्यामागून नावनिशीच्या दिवसांतला गालीली यहूदा उठला असे सांगतो; जोसीफसच्या नोंदीप्रमाणे थुदास हा यहूदियाचा रोमन अंमलदार फादुस याच्या अमलात, म्हणजे यहूदानंतर सुमारे चाळीस वर्षांनी आणि गमलिएलाच्या त्या भाषणानंतरही काही वर्षांनी, मारला गेला.