कटिशूल, भौतिकोपचार आणि प्रथमसंपर्क वैद्य

आषाढात भातलावणीला वेग आला की राजापूर तालुक्यातील कोणत्याही वैद्याकडे कंबर धरून येणाऱ्यांची रांग लागते. दिवसभर चिखलात वाकून तरवा लावणाऱ्या स्त्रिया, चिरेखाणीवर जांभा दगड उचलून ट्रक भरणारे मजूर, नाट्याच्या बंदरात जाळी ओढणारे मच्छीमार आणि गणपतीला मुंबईहून रात्रभर बसून आलेले चाकरमानी, या सर्वांची तक्रार एकच असते. यांतील बहुतेकांचे पोट रोजच्या मजुरीवर चालते. आठ दिवस घरी बसणे म्हणजे आठ दिवसांची मजुरी बुडणे आणि लावणीचा हंगाम हुकणे म्हणजे वर्षाचे धान्य हुकणे. म्हणून कटिशूलाच्या रुग्णाला पहिल्या भेटीत आपण काय सांगतो, याला आपल्या भागात औषधयोजनेइतकेच महत्त्व आहे.

हा प्रश्न केवळ कोकणाचा नाही. २०२० साली जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कटिशूलाचा त्रास होता, असा जागतिक अंदाज आहे. आपल्या महाराष्ट्रातही पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे घरोघर जाऊन सर्वेक्षण केले. चार हजारांहून अधिक प्रौढांच्या त्या पाहणीत शेकडा १८ जणांना अस्थि-संधि-मांसगत विकाराची तक्रार आढळली. असे बहुसंख्य रुग्ण मोठ्या रुग्णालयात जात नाहीत. ते गावातल्या पहिल्या वैद्याकडे येतात आणि तो वैद्य अनेकदा आयुर्वेदाचा पदवीधर असतो. या प्रथमसंपर्काच्या पातळीवर भौतिकोपचाराचा, म्हणजे फिजिओथेरपीचा, उपयोग कसा करावा, यावर इंग्लंडमधील एका विद्यापीठात झालेले संशोधन आम्हाला विशेष विचार करण्याजोगे वाटते. प्रस्तुत लेखात त्याचा परिचय करून देऊन आपल्या व्यवसायाशी त्याची सांगड घालण्याचा प्रयत्न करीत आहोत.

कील विद्यापीठाचा प्रयोग

इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यात कील विद्यापीठ आहे. तेथील प्राथमिक आरोग्यसेवा संशोधन केंद्रात जोनाथन हिल व नादीन फॉस्टर हे भौतिकोपचारतज्ज्ञ आणि एलेन हे या संधिवाततज्ज्ञ यांच्या चमूने एक साधा प्रश्न हाती घेतला. कुटुंबवैद्याकडे येणाऱ्या कटिशूलाच्या प्रत्येक रुग्णाला सारखाच उपचार का द्यावा? काही जण दोन आठवड्यांत आपोआप बरे होतात, काही जण वर्षानुवर्षे खितपत पडतात. यांतील कोण कोणत्या वाटेने जाणार, हे पहिल्या भेटीत ओळखता आले तर भौतिकोपचाराची मर्यादित साधने योग्य रुग्णांपर्यंत पोहोचतील, असा त्यांचा तर्क होता.

यासाठी त्यांनी नऊ प्रश्नांची एक पत्रिका तयार केली. पहिले चार प्रश्न शरीराविषयी आहेत. वेदना पायात उतरते का, मान किंवा खांदाही दुखतो का, चालणे कमी झाले आहे का, कपडे घालण्यास नेहमीपेक्षा वेळ लागतो का? पुढचे पाच प्रश्न मनाच्या अंगाने जातात. हालचाल केल्यास आपल्याला अपाय होईल असे वाटते का, सतत काळजी वाटते का, हे दुखणे कधीच बरे होणार नाही असे वाटते का, आवडत्या गोष्टींतील आनंद कमी झाला आहे का आणि एकंदर त्रास किती होतो? नऊपैकी तीन किंवा त्याहून कमी गुण आल्यास रुग्ण अल्प जोखमीचा समजावा. चार किंवा अधिक आल्यास शेवटच्या पाच प्रश्नांचे गुण स्वतंत्र पाहावेत. तेथेही चार किंवा पाच असल्यास तो उच्च जोखमीचा, अन्यथा मध्यम जोखमीचा धरावा.

२०११ साली लॅन्सेट नियतकालिकात या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ८५१ रुग्णांपैकी २२१ अल्प, ३९४ मध्यम आणि २३६ उच्च जोखमीचे होते. वर्गीकरणानुसार उपचार झालेल्या गटात अल्प जोखमीच्या रुग्णांना एकाच भेटीत तपासणी, धीर आणि चालते-फिरते राहण्याचा सल्ला एवढेच दिले गेले. मध्यम जोखमीच्यांना नियमित भौतिकोपचार मिळाला. उच्च जोखमीच्यांना भौतिकोपचाराबरोबर त्यांची भीती व निराशा दूर करण्याचे विशेष प्रशिक्षण घेतलेले तज्ज्ञ मिळाले. तुलनेच्या गटाला भौतिकोपचारतज्ज्ञाच्या नेहमीच्या निर्णयाप्रमाणे उपचार झाले. चार महिन्यांनी २४ गुणांच्या अक्षमता-मापनात पहिल्या गटात सरासरी ४.७ गुणांची, तर दुसऱ्यात ३.० गुणांची सुधारणा दिसली. वर्षाअखेरीस हा फरक कमी झाला, तरी पहिल्या गटातील उपचारांचा खर्च दुसऱ्यापेक्षा कमीच राहिला. कमी खर्चात अधिक गुण आला, ही बाब गरीब रुग्णांच्या वैद्याने विशेष लक्षात घ्यावी.

दशविध परीक्षेशी साम्य

सुज्ञ वैद्यमित्रांना हे नऊ प्रश्न वाचताना चरकाच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. तेथे सांगितलेल्या दशविध परीक्षेत प्रकृती, विकृती, सार, संहनन, प्रमाण, सात्म्य आणि आहारशक्ती यांच्याबरोबर सत्त्व, व्यायामशक्ती व वय यांचाही समावेश आहे. व्यायामशक्ती ही प्रत्यक्ष कर्म करण्याच्या सामर्थ्यावरून जाणावी, असा आचार्यांचा निर्देश आहे. सत्त्व हे प्रवर, मध्यम व अवर असे त्रिविध सांगितले असून, अवरसत्त्व मनुष्य देहाने धिप्पाड असला तरी अल्प वेदनाही त्याला सोसवत नाही, असे निरीक्षण नोंदविले आहे. कीलच्या पत्रिकेतील पहिले प्रश्न मुख्यतः व्यायामशक्तीचे आणि पुढचे सत्त्वाचे आहेत, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

मात्र एवढ्यावरून ‘हे सर्व आमच्याकडे आधीच होते’ असे म्हणून समाधान मानणे आम्हाला योग्य वाटत नाही. तत्त्व आपल्या ग्रंथात आहे, पण ते मोजण्याचे, शेकडो रुग्णांवर पडताळण्याचे आणि निष्कर्ष जगापुढे मांडण्याचे काम कीलच्या चमूने केले. शिवाय, गर्दीच्या वेळी आपल्यापैकी किती जण कटिशूलाच्या रुग्णाचे सत्त्व व व्यायामशक्ती नोंदवतात, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. बहुधा नाडी, जिव्हा, कोष्ठ आणि वेदनेचे स्थान यापुढे आपली विचारपूस जात नाही.

विश्रांती की चेष्टा?

वातप्रकोपाचा रुग्ण म्हटला की विश्रांती, हे समीकरण जनमानसात घट्ट रुजले आहे. ‘पंधरा दिवस फळीवर झोपा’ हा सल्ला आजही ऐकू येतो. १९९५ साली फिनलंडमध्ये हेलसिंकी शहराच्या १८६ कर्मचाऱ्यांवर झालेल्या अभ्यासात नव्या कटिशूलाच्या रुग्णांचे तीन गट करण्यात आले. एकास दोन दिवस अंथरुणावर विश्रांती, दुसऱ्यास विशिष्ट व्यायाम आणि तिसऱ्यास वेदना सोसेल इतपत नेहमीचे व्यवहार चालू ठेवण्याचा सल्ला दिला गेला. तिसरा गट सर्वांत लवकर सावरला. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जीर्ण कटिशूलासाठी प्राथमिक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत रुग्णशिक्षण, व्यायाम, मर्दन व मानसिक उपचार यांना स्थान आहे. कंबरपट्टा, ट्रॅक्शन आणि अल्ट्रासाउंडचा शेक यांचा नित्य वापर करू नये, असे म्हटले आहे. आपल्या तालुक्यात कंबरपट्टा तर औषधाच्या दुकानात मागेल त्याला मिळतो.

वाग्भटाने व्यायाम अर्धशक्तीने करावा, असे सांगितले आहे. तीव्र वेदनेतून सावरणाऱ्या रुग्णासाठी हा दंडक आजही सोयीचा आहे. कपाळावर व नाकावर घाम येऊ लागला, श्वास तोंडाने घ्यावा लागला की थांबावे, हे अशिक्षित रुग्णालाही सहज कळते.

संशोधनाच्या मर्यादा

या संशोधनाची दुसरी बाजूही सांगणे आवश्यक आहे. हीच पद्धत अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील दवाखान्यांत राबविली असता २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत रुग्णांना विशेष लाभ दिसला नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका मोठ्या अमेरिकन अभ्यासातही तीव्र वेदना जीर्ण होण्याचे प्रमाण घटले नाही. वर्गीकरण झाले, पण त्यानुसार उपचार पुरेसे बदलले नाहीत, हे त्याचे एक कारण मानले जाते. नुसती पत्रिका भरून घेण्याने काही साधत नाही, हा त्यातील बोध.

आयुर्वेदाच्या बाजूनेही पुरावा उभा राहत आहे. बर्लिनच्या शारिटे वैद्यकीय विद्यापीठाच्या संशोधकांनी जानुगत संधिवाताच्या १५१ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. एका गटास आहार, औषधी, मर्दन व योगासनांसह आयुर्वेदीय चिकित्सा आणि दुसऱ्यास भौतिकोपचारासह प्रचलित चिकित्सा देण्यात आली. बारा आठवड्यांनंतर आयुर्वेदाच्या गटात अधिक सुधारणा आढळली. कोणता उपचार मिळत आहे हे रुग्णांना ठाऊक होते, ही त्यातील उणीव ध्यानात ठेवावी. डॉ. चोप्रा यांच्या २०१३ सालच्या ४४० रुग्णांच्या अभ्यासात आयुर्वेदीय कल्प जानुवेदनेत सेलेकॉक्सिब व ग्लुकोसामाइन यांच्या तोडीचे ठरले. मात्र काही रुग्णांत यकृताच्या तपासणीत एसजीपीटी वाढलेले दिसले. आपले औषध निर्दोषच असते, असे गृहीत धरून दीर्घकाळ देत राहू नये, हा धडा त्यातून घ्यावा.

राजापुरात काय करता येईल

तालुक्याच्या ठिकाणी भौतिकोपचारतज्ज्ञ सहज मिळतोच असे नाही. रत्नागिरीला जाऊन-येऊन दिवस मोडतो, मजुरी बुडते. म्हणून सर्वांना तिकडे पाठविणे अव्यवहार्य आहे. वर्गीकरणाचे महत्त्व शहरापेक्षा येथे अधिक आहे, ते यामुळेच.

अल्प जोखमीच्या रुग्णास आम्ही औषधांची यादी देत नाही. नीट तपासून, ‘मणका सरकलेला नाही, चालत राहा’ असे स्पष्ट सांगतो. घरच्या घरी तिळतेलाचा अभ्यंग व शेक पुरतो. उन्हाळ्याच्या गरम झऱ्यांवर स्नानाला जाणाऱ्यांना आम्ही अडवत नाही, परंतु तेथे मिळणारा आराम स्वेदनाचा आहे आणि घरी आल्यावर चालणे-फिरणे हवेच, हे समजावतो. मध्यम जोखमीच्या रुग्णास स्नेहन-स्वेदन, कटिबस्ती व आवश्यकतेनुसार बस्तिचिकित्सा देतो आणि वेदना उतरताच क्रमाने वाढणारा व्यायाम सुरू करतो. गृध्रसीत पायाची शक्ती कमी वाटल्यास भौतिकोपचारतज्ज्ञाकडे चिठ्ठी देऊन पाठवितो. उच्च जोखमीच्या रुग्णास सर्वाधिक वेळ द्यावा लागतो. येथे सत्त्वावजय चिकित्सेला खरा वाव आहे. चिरेखाणीवरचा मजूर ‘आता वाकलो तर कायमचा अधू होईन’ या भीतीने गोठलेला असतो. ती भीती त्याच्या मजुरीशी, कर्जाशी, मुलांच्या शिक्षणाशी बांधलेली असते. त्याला अवरसत्त्व म्हणून मोकळे होणे सोपे आहे. घरच्या माणसाला सोबत बोलावून, आज दहा पावले, उद्या वीस, असा क्रम ठरवून देणे कठीण, पण फलदायी आहे.

भौतिकोपचार हे स्वतंत्र शास्त्र आहे. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने त्याला राष्ट्रीय आयोगाच्या कक्षेत आणले. महाराष्ट्रात या शाखेची पदवी आणि आपली बीएएमएस पदवी या दोन्ही एकाच महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत येतात. दोन यंत्रे आणून ‘फिजिओथेरपी सेंटर’ची पाटी लावणे आपल्याला शोभणारे नाही. जवळच्या तज्ज्ञाशी ओळख ठेवावी, रुग्णाची माहिती लिहून द्यावी, परत आल्यावर काय झाले ते विचारावे.

सावधगिरीची लक्षणे

वर्गीकरणापूर्वी काही लक्षणे वगळलीच पाहिजेत. मलमूत्राचा अवरोध किंवा नियंत्रण जाणे, बैठकीच्या जागी बधिरता, पायातील वाढती दुर्बलता, ज्वर, वजन घटणे, विश्रांतीतही न थांबणारी रात्रीची वेदना, वृद्ध स्त्रीस किरकोळ पडल्यानंतर झालेला शूल, पूर्वीचा कर्करोग किंवा क्षय, यांपैकी काहीही आढळल्यास कटिबस्तीचा विचार न करता रुग्णास त्वरित रुग्णालयात पाठवावे. पावसाळ्यात शेतातील चिखलात काम केलेला रुग्ण ज्वर, अंगदुखी व पोटऱ्यांच्या तीव्र वेदना घेऊन आल्यास लेप्टोस्पायरोसिसची शंका घ्यावी. त्याला वातव्याधी समजून दोन दिवस थांबणे प्राणावर बेतू शकते.

एक विनंती

राज्यातील उपकेंद्रांत आज अनेक बीएएमएस पदवीधर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करीत आहेत. खासगी वैद्य व हे अधिकारी मिळून प्राथमिक पातळीवरील कटिशूलाचे फार मोठे दर्शन रोज घेत असतात. त्यातील नोंद मात्र कोठेच राहत नाही. संघटनेच्या सभासदांनी एका साध्या वहीत रुग्णाचे वय, व्यवसाय, नऊ प्रश्नांची उत्तरे, दिलेला उपचार आणि बुडालेल्या मजुरीचे दिवस लिहावेत. चौथ्या आठवड्यात व चौथ्या महिन्यात पुन्हा विचारून घ्यावे. नाव-गाव गुप्त राखून अशा वह्या एकत्र आल्या, तर एखाद्या आयुर्वेद महाविद्यालयाच्या पदव्युत्तर विभागाला त्यांवर अभ्यास करता येईल.

कीलच्या चमूला ८५१ रुग्ण दहा दवाखान्यांतून मिळाले होते. आपल्या जिल्ह्यात वैद्यांची संख्या त्याहून कितीतरी अधिक आहे. पुढच्या लावणीपूर्वी वही सुरू झाली, तर दिवाळीपर्यंत पहिल्या रुग्णांचे चार महिने पूर्ण होतील.