पाताळातली यंत्रे (भाग 7) : लोडर खाली, ऑपरेटर वर

इंडोनेशियाच्या पापुआ भागातल्या ग्रासबर्ग खाणीत तांब्या-सोन्याचे खनिज ‘ब्लॉक केव्हिंग’ने काढतात. ही पद्धत आपण गेल्या आठवड्यात पाहिली: खडकाचा खालचा आधार काढून घेतला की तो स्वतःच्या वजनाने तुटतो आणि नरसाळ्यासारख्या वाटांनी ड्रॉपॉइंटवर उतरतो. तिथून लोडर तो उचलतो. पण पापुआत पाऊस अफाट. पाणी मुरून बारीक मालाचा चिखल होतो आणि तो कधी लोंढ्यासारखा बाहेर पडेल याचा नेम नसतो. म्हणून माल किती ओला आणि किती बारीक, यावरून ड्रॉपॉइंटची वर्गवारी करतात. धोक्याच्या वर्गातल्या ठिकाणी लोडर जातो, ऑपरेटर जात नाही. तो दूरच्या नियंत्रण कक्षात पडद्यासमोर बसतो.

आता या ऑपरेटरला शिकवायचे काय? जॉयस्टिक हाताळणे तरुण पोरे चटकन शिकतात. अवघड आहे ते बकेट भरणे. भूमिगत लोडरमध्ये चालक आडवा बसतो, म्हणजे मान वळवली की पुढचेही दिसते आणि मागचेही. बकेट जमिनीलगत ठेवून ढिगात घुसवायची, किंचित उचलायची, म्हणजे पुढच्या चाकांवर भार येऊन ती जागच्या जागी फिरत नाहीत. मग टप्प्याटप्प्याने बकेट मागे वळवत माल आत घ्यायचा. चाक घसरले की सीटखाली कळते, दगड अडला की इंजिनाचा आवाज दबतो. जुना चालक हे अंगाने ओळखतो आणि विचारले तर त्याला धड सांगताही येत नाही. पडद्यावर हा धक्का पोचत नाही, खोलीचा अंदाज येत नाही, चित्र किंचित उशिरा येते. जे सीट आपोआप शिकवायची, ते आता एकेक सुटे करून शिकवावे लागते: इंजिनाचे फेरे बघ, हायड्रॉलिक दाब बघ, आणि चाक नुसते फिरतेय असे दिसले तर आणखी रेटू नकोस, मागे घे. सिम्युलेटरवर हे हजारदा चुकता येते, टायर न फाडता.

बऱ्याच खाणींत बकेट भरली की पुढची वाहतूक यंत्र स्वतःच करते आणि तेवढ्यात ऑपरेटर दुसरा लोडर हातात घेतो. त्यामुळे लक्ष एकीकडून काढून दुसरीकडे नेमके लावणे, हाही शिकण्याचा भाग झाला. यंत्रे अशी स्वतः चालतात त्या भागाच्या तोंडाशी प्रकाशकिरणांचे अडथळे असतात. कोणी आत शिरले की यंत्रे थांबतात. असे थांबणे म्हणजे उत्पादनातली कटकट, असे शिकाऊ माणसाच्या मनात एकदा बसले की ते काढणे कठीण. आत कोणी नाही याची खातरजमा झाल्याशिवाय यंत्र पुन्हा सुरू करायचे नाही, हे पहिल्या दिवसापासून अंगवळणी पडायला हवे.

8 सप्टेंबर 2025 रोजी ग्रासबर्गच्या ब्लॉक केव्हमध्ये सुमारे 8 लाख टन ओला माल अचानक आत घुसला. तो अनेक पातळ्यांवर पसरला आणि सेवा-पातळीवर काम करणारे 7 जण दगावले. लोडरमधून माणूस बाहेर काढला, तरी खाण रिकामी होत नाही: वीज, पाणी, बोगद्यांची कामे करणारे आतच असतात. पडद्यापुढच्या ऑपरेटरला हे ठाऊक असले पाहिजे. कुठल्या ड्रॉपॉइंटमधून किती बकेट काढायच्या हा आदेश त्याने तंतोतंत का पाळायचा आणि ओल वाढलेली दिसताच ती का कळवायची, हे त्याला तेव्हाच नीट उमगते.

म्हणून माझे ठाम मत आहे की नवशिक्याला थेट नियंत्रण कक्षात बसवू नये. आधी त्याने काही महिने खाली, जाणत्या माणसाबरोबर काढावेत. चंद्रपूर-यवतमाळच्या भूमिगत कोळसा खाणींत एलएचडी (लोड-हॉल-डंप) आणि एसडीएल (साइड डिस्चार्ज लोडर) ही यंत्रे चालवलेली माणसे आपल्याकडे आहेत. उद्या इथे असे कक्ष झाले, तर प्रशिक्षक म्हणून पहिली निवड त्यांची व्हावी.

पुढील भागात: बोगद्यातले रेडिओ जाळे.