सिझर का, आणि कितव्या आठवड्यात?

बाळ झाल्याचा फोन आला की सोलापुरातही पुढचा प्रश्न ठरलेला असतो: नॉर्मल की सिझर? एवढ्यावरून बाळाच्या तब्येतीचा अंदाज मात्र बांधता येत नाही. सोलापूरच्या सर्वोपचार रुग्णालयात तालुक्यांतून आणि कर्नाटकाच्या सीमाभागातूनही अडलेल्या बाळंतिणी पाठवल्या जातात. तिथे सिझर झालेली बाळं जास्त आजारी दिसली, तर त्याचं कारण शस्त्रक्रियेत नसून ती करायला लावणाऱ्या अडचणीत असू शकतं. म्हणून सिझर कशासाठी झालं आणि कितव्या आठवड्यात झालं, हे आधी पाहायला हवं.

आठवडा महत्त्वाचा, कारण पोटात असताना बाळाच्या फुप्फुसांत पाणी असतं. कळा सुरू झाल्या की स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे ते शोषलं जाऊ लागतं. कळा येण्याआधीच, त्यातही ३९ आठवडे भरण्यापूर्वी सिझर केलं, तर बाळाला धाप लागण्याची आणि अतिदक्षता विभागात ठेवावं लागण्याची शक्यता वाढते. म्हणून मुहूर्त पाहून सदतिसाव्या आठवड्यात गाठलेली तारीख बाळाला महागात पडू शकते. सिझरच्या बाळांच्या आतड्यांतले जीवाणू वेगळे असतात, हेही खरं. २०१९ साली ब्रिटनमधल्या सुमारे सहाशे बाळांच्या अभ्यासात तसं आढळलं, पण काही महिन्यांत हा फरक बराच कमी झाला. दमा किंवा लठ्ठपणाशी सिझरचा संबंध काही पाहण्यांत दिसतो, पण तेवढ्याने सिझर हेच कारण ठरत नाही. आईचं वजन, तिचे आजार, प्रतिजैविकं यांचाही त्यात वाटा असतो.

मग नॉर्मलचाच आग्रह धरावा का? नाही. पायाळू बाळांवरच्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत बाळाचा मृत्यू किंवा गंभीर इजा नियोजित सिझरमध्ये १.६ टक्के, तर नॉर्मलच्या प्रयत्नात ५ टक्के होती. वार खाली असेल, नाळ बाहेर आली असेल, ठोके घसरत असतील, तर उशीर जिवावर बेततो. तरीही प्रत्येक सिझर बाळासाठीच होतं, असं मानता येत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातलं प्रमाण २५.४ टक्के होतं. देशभरात सरकारी दवाखान्यांत ते १४.३ आणि खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के होतं. एवढी तफावत केवळ बाळांच्या अडचणींमुळे पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली नोंदवलं, की हे प्रमाण १० टक्क्यांच्या पुढे गेल्याने माता-नवजात मृत्यू आणखी घटल्याचं दिसत नाही. तेव्हा सिझरचा सल्ला मिळाला की कुटुंबाने डॉक्टरांना निःसंकोच विचारावं: कारण काय, आणि थांबता येणार असेल तर किती आठवडे?